न दिसणारी गळती

श्रोतेहो, विहिरीवरचा पंप सुरू केला, आवाज नेहमीसारखा आला, पण पाटात पाणी काही पडेना, असा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांवर आला असेल. अशा वेळी जाणता माणूस पहिल्यांदा काय पाहतो? पंपापासून शेताकडे गेलेल्या नळीकडे तो पाहत नाही. ती फुटली असती तर कारंजे उडाले असते आणि लहान पोरालाही ते कळले असते. तो पाहतो विहिरीत उतरलेल्या नळीकडे. तिचा एखादा सांधा सैल झाला तर तेथून पाणी बाहेर येत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. थेंब नाही, ओल नाही, कसलीही खूण नाही. पंप मात्र पाण्याऐवजी हवा पीत बसतो. आपण म्हणतो, पंपाने हवा धरली.

आज मी सांगणार आहे ती हकीकत अमेरिकेतल्या एका गाडीची आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमचा त्या गाडीशी काय संबंध? संबंध आहे तो या हवा धरण्याशीच. विहिरीवर जे घडते तेच त्या गाडीत घडत होते, आणि ते कोणाच्या लक्षात येईना.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिच्या मुलाकडे अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स शहरी राहते. २०१८ च्या जुलै महिन्यात मी तिला भेटायला गेलो होतो. फिनिक्स म्हणजे वाळवंटातले शहर. जुलैत तेथे दुपारी ४२-४३ अंश उष्मा ही रोजचीच गोष्ट. भाच्याने एक जुनी मोटरहोम विकत घेतली होती. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. पुढे चालकाची जागा, मागे झोपायला पलंग, चूल, मोरी, सगळे एकाच गाडीत. मुंगीने वारूळ पाठीवर घेऊन चालावे तसा तो प्रकार! भाचा म्हणाला, "मामा, आपण फ्लॅगस्टाफला जाऊ. तिथे थंड हवा आहे, अक्कालाही बरे वाटेल." अक्काला रक्तदाबाचा त्रास आहे, आणि डॉक्टरांनी तिला उन्हाच्या तापापासून जपायला सांगितले होते.

फिनिक्स ते फ्लॅगस्टाफ हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास. पण फिनिक्स आहे समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर आणि फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर. म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही पुष्कळ वर. सपाटीवर होतो तोवर समोरच्या जाळ्यांतून तोंडावर छान गार वारा येत होता. ब्लॅक कॅनियन सिटी हे गाव मागे पडले, मोठा चढ लागला, आणि काही वेळाने तोंडावरचा वारा एकदम बंद पडला. पंखा चालू होता, त्याचा आवाज येत होता, पण वारा सगळा पुढच्या काचेवर जाऊ लागला. बाहेर आग, काचेतून येणारे ऊन थेट अंगावर, आणि गारवा काचेला! पाऊण तासात अक्काचा चेहरा लालबुंद झाला. ओला रुमाल डोक्यावर घेऊन ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला काळजी वाटते.

आता कोणी विचारील की अशा गाडीच्या टपावर गारव्याचे दुसरे यंत्र असते, ते का लावले नाही? लावले. ते चालायला वेगळे जनित्र सुरू करावे लागते. त्याने मागची खोली गार झाली, पुढच्या दोन खुर्च्यांपर्यंत ते काही पोहोचले नाही. शेवटी अक्काला मागे नेऊन पलंगावर आडवे केले. चालत्या गाडीत पट्टा न बांधता माणसाला असे झोपवणे धोक्याचे असते हे ठाऊक असूनही केले. भाचा म्हणाला, "मामा, गेल्या वर्षीपासून असंच होतंय. दुरुस्ती सोपी नाही म्हणतात."

माथा ओलांडल्यावर रस्ता कॅम्प व्हर्डी गावाच्या खोऱ्यात उतरतो. उतार लागला आणि थोड्याच वेळात वारा पुन्हा तोंडावर येऊ लागला! कोणी बटणाला हात लावला नव्हता. पुढे फ्लॅगस्टाफचा चढ लागताच तो पुन्हा काचेवर गेला. मी ही गोष्ट मनात टिपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाडी एका कारखान्यात नेली. तेथल्या माणसाने चक्र फिरवून पाहिले आणि सांगितले की वाऱ्याच्या पेटीतली झडप मोडली असणार, सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवसांची मजुरी पडेल. तिकडे मजुरी तासावर मोजतात. आकडा ऐकून भाचा गप्प झाला. गाडी विकूनच टाकू, असे त्याच्या मनात येऊ लागले. मी त्याला इतकेच विचारले, "अरे, मोडलेली झडप उतारावर कशी दुरुस्त होते?"

या प्रश्नाचे उत्तर समजायला त्या पेटीच्या आत काय चालते हे पाहायला हवे.

चालकासमोरच्या फळीला डॅशबोर्ड म्हणतात. तिच्यामागे एक मोठी पेटी असते. पंखा त्या पेटीत हवा फुंकतो. तेथे ती गार किंवा गरम होते आणि मग तिला तीन वाटा असतात: एक तोंडावर, एक पायांवर, एक पुढच्या काचेवर. या वाटांवर झडपा बसवलेल्या असतात. आपण शेतात दारे धरतो, एक दार बांधतो आणि दुसरे फोडतो, म्हणजे पाणी हव्या त्या वाफ्यात वळते, अगदी तसेच हे. फरक इतकाच, की त्या अंधाऱ्या पेटीत फावडे घेऊन उभा राहणारा गडी कोण?

हा गडी म्हणजे एक लहानशी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची डबी. तिच्यात रबराचा पडदा ताणून बसवलेला असतो, पडद्याला एक दांडी आणि दांडीला झडप. पडद्यामागे स्प्रिंग असते. डबीतली हवा नळीने ओढून घेतली की बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते, दांडी मागे सरकते आणि झडप फिरते. ओढ थांबली की स्प्रिंग झडपेला पुन्हा जागेवर लोटते. मेस्त्री या डबीला व्हॅक्यूम मोटर म्हणतात, पण तिच्यात वीज नाही, तार नाही. काम करते ती आपल्या भोवतालची हवा.

हवेत इतका जोर असतो का? असतो. समुद्रसपाटीला हवा ३० इंच उंचीचा पारा तोलून धरते, हे टॉरिचेलीने सतराव्या शतकात दाखवले. याचा अर्थ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार. डबीतली निम्मी हवा काढली आणि पडदा ५ सेंटिमीटर व्यासाचा असला, तर त्यावर जवळजवळ १० किलोंचा रेटा येतो. एक झडप फिरवायला तो पुरून उरतो.

मग ही हवा ओढून कोण घेते? गाडीचे इंजिनच. पेट्रोलचे इंजिन सतत श्वास घेत असते. त्याच्या श्वासाच्या वाटेवर एक पडदी असते, तिला थ्रॉटल म्हणतात. चालकाने पायाखालची कळ दाबली की ती उघडते, पाय काढला की मिटते. ती मिटलेली असताना इंजिन जणू नाक दाबून श्वास ओढत असते, त्यामुळे आतल्या नळीत मोठी ओढ निर्माण होते. निरोगी इंजिन उभ्या गाडीत, समुद्रसपाटीच्या आसपास, साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतकी ओढ दाखवते. चढावर मात्र चालक कळ पुरती दाबतो, थ्रॉटल सताड उघडते, नाक मोकळे होते आणि ओढ जवळजवळ नाहीशी होते. उतारावर पाय काढला की ती पुन्हा वाढते. जुन्या विलिस जीपचा पुढच्या काचेवरचा वायपर याच ओढीवर चाले. पावसात घाट चढताना तो नेमका हवा तेव्हा मंदावत असे, हे जुन्या चालकांना आठवत असेल.

डिझेलच्या इंजिनात बहुधा अशी पडदी नसते, म्हणून ओढही नसते. अशा गाड्यांत हवा ओढायला वेगळा पंप बसवतात. आणि अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत झडपा विजेवर फिरतात. त्यांना आजचे हे पुराण लागू नाही.

आता चढावर ओढ जातच असेल, तर प्रत्येक चढावर वारा रुसायला हवा. तसे होऊ नये म्हणून दोन वस्तू मध्ये घातलेल्या असतात. एक लहानशी टाकी, प्लॅस्टिकचा चेंडू म्हणा. इंजिन ओढत असते तेव्हा या टाकीतली हवाही काढली जाते. आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये एकतर्फी झडप. सायकलच्या व्हॉल्व्हवर आपण रबराची वॉलट्यूब चढवतो, ती हवा आत जाऊ देते पण बाहेर येऊ देत नाही. विहिरीतल्या नळीच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह, ज्याला आपण बिनदिक्कत फुटबॉल म्हणतो, तोही पाणी वर चढू देतो, खाली उतरू देत नाही. त्यांचाच हा भाऊ. इंजिनाची ओढ गेली की ही झडप मिटते, आणि टाकीत साठवलेल्या रितेपणावर गडी आपले काम चालू ठेवतात. टाकीत पाणी साठवतात हे आपल्याला ठाऊक आहे. येथे टाकीत 'काही नाही' हे साठवलेले असते! मला स्वतःला या कल्पनेची मोठी मौज वाटते.

टाकीपासून एक नळी जाते डॅशबोर्डवरच्या चक्राकडे. चक्र फिरवले की त्याच्यामागची चकती ही ओढ हव्या त्या डबीला जोडते. तेथून निरनिराळ्या रंगांच्या बारीक नळ्या एकेका डबीकडे जातात. ओढ आणणारी नळी पुष्कळ गाड्यांत काळी असते. बाकीच्या रंगांचा अर्थ गाडीगणिक बदलतो.

ओढ नसताना वारा काचेवरच का जावा? तोंडावर का नाही? हे कोणी चुकून केलेले नाही. सगळ्या डब्या निकामी झाल्या तरी स्प्रिंगांनी झडपा अशा जागी न्याव्यात की वारा काचेवर जाईल, अशी ती रचना मुद्दाम केलेली असते. थंडीत काचेवर धुके किंवा हिम धरले आणि रस्ता दिसेना झाला तर जीव जाईल. तोंडावर वारा आला नाही तर नुसता घाम येईल. अमेरिकेत पुढच्या काचेवरचे धुके आणि हिम घालवण्याची सोय गाडीत असलीच पाहिजे असा कायदाच आहे. आपल्याकडच्या आगगाड्यांना पूर्वी व्हॅक्यूम ब्रेक असत, त्यांच्यातही हाच विचार होता. डब्यांखालून गेलेल्या लांब नळीत ओढ असेपर्यंत ब्रेक सुटलेले. कोणी साखळी ओढली किंवा गाडी मध्येच तुटली की नळीत हवा शिरे आणि ब्रेक आपोआप लागत. आज बहुतेक गाड्यांना दाबलेल्या हवेचे ब्रेक आहेत, पण नळी तुटली की गाडी थांबलीच पाहिजे, हा नियम तोच राहिला आहे.

तेव्हा काचेवर गेलेला वारा हा बिघाड नव्हता. तो बिघाडाचा निरोप होता. कोठेतरी हवा आत शिरते आहे, हे ती गाडी सांगत होती.

असो. आता शोध कसा घ्यायचा, ते सांगतो. विहिरीच्या नळीप्रमाणेच येथेही डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. नळीचे तुकडे पाडायचे, म्हणजे खरोखर कापायचे नव्हे, मनाने पाडायचे, आणि एकेक तुकडा वेगळा तपासायचा. पण त्याआधी गाडी स्वतः जे सांगते ते ऐकून घ्यावे. वारा कधीच काचेवरून हलत नसेल, सपाटीवरही नाही, तर ओढ चक्रापर्यंत पोहोचतच नाही: नळी निखळली आहे किंवा भगदाड मोठे आहे. एकाच जागी वारा मिळत नसेल, म्हणजे तोंडावर येतो पण पायांवर नाही, तर दोष त्या एका डबीत किंवा तिच्या नळीत. आणि फक्त चढावर बिघडत असेल, तर एकतर्फी झडप, टाकी आणि टाकीपुढची नळी यांवर संशय घ्यावा. यातही एक बारकावा आहे. कळ दाबताक्षणी वारा पळाला तर बहुधा एकतर्फी झडप उलट्या बाजूने हवा सोडते आहे. काही सेकंद टिकून मग पळाला तर टाकीतला साठा हळूहळू गळतो आहे.

आम्ही एक सोपी परीक्षा केली. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवले, वारा तोंडावर घेतला. मग इंजिन बंद केले, पण किल्ली अशा जागी ठेवली की पंखा चालू राहील, आणि मी मोठ्याने आकडे मोजू लागलो. धड गाडीत वारा पुष्कळ वेळ जागचा हलत नाही. आमच्या गाडीत मी सातपर्यंत पोहोचलो आणि वारा काचेवर गेला. भाचा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "झडप मोडलेली नाही. ती सात सेकंद चांगली उभी होती. तिला धरून ठेवणारा दम तोडतोय."

आमच्या शेजारच्या जागेत एक म्हातारे गृहस्थ आपली गाडी घेऊन उतरले होते. सारा जन्म ट्रक दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी आपल्या पेटीतून हातपंप काढून दिला. पिचकारीसारखा, वर घड्याळ बसवलेला. मूठ दाबली की तो हवा ओढतो आणि काटा किती इंच ओढ झाली ते दाखवतो. असा पंप फार महाग नसतो, आणि या कामात तो नसेल तर माणूस आंधळा असतो. त्याच गृहस्थांनी मूठभर लाकडी खुंट्याही दिल्या. गोल्फ नावाच्या खेळात चेंडू ठेवायला त्या वापरतात. नळीचे तोंड बंद करायला तिकडचे मेस्त्री याच खुंट्या कामाला लावतात. आपल्याकडे बाभळीची काडी तासून हे काम भागेल.

इंजिनापासून सुरुवात केली. गाडीच्या चाकांना अडण्या लावल्या आणि इंजिन चालू करून टाकीकडे जाणारी नळी इंजिनाजवळ सोडली. तिच्या जागी बोट धरले तर बोट खेचले गेले. पंपाचे घड्याळ लावले; काट्याने १४ इंच दाखवले. भाचा घाबरला, कारण पुस्तकात १७ च्या वर लिहिले होते. पण पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा. दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी धरावा लागतो, आणि आम्ही जवळजवळ सात हजार फुटांवर होतो. तेव्हा १४ म्हणजे ठणठणीत.

मग इंजिन बंद करून एकतर्फी झडप काढली, पुसली आणि फुंकून पाहिली. एका बाजूने फुंकर गेली, दुसऱ्या बाजूने गेली नाही. चांगली. टाकीला पंप लावून, तिचे दुसरे तोंड खुंटीने मारून ओढ दिली. काटा चढला आणि पाच मिनिटे हलला नाही. टाकी चांगली. आता टाकीपासून डॅशबोर्डकडे जाणारी नळी. दूरचे टोक चक्राच्या मागे होते, ते भाच्याने सोडून खुंटीने बंद केले. मी मूठ दाबली. काटा दहापर्यंत चढला आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. पुन्हा दाबली, पुन्हा उतरला.

गळती त्या सहा-सात फुटांत होती.

ही नळी बहुतेक ठिकाणी कडक प्लॅस्टिकची असते, पेन्सिलीतल्या शिशाहून थोडी जाड. जेथे वळण घ्यायचे तेथे रबराचा कोपरा घातलेला असतो. आमच्या गाडीचे इंजिन पुढच्या दोन खुर्च्यांच्या मध्ये, एका झाकणाखाली होते, आणि नळी त्या तापलेल्या जागेवरून गेली होती. रबराचे दोन शत्रू: उष्णता आणि हवेतला ओझोन. तिसरा शत्रू उंदीर. मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने उभीच असते, आणि उंदरांना बारीक नळ्या फार आवडतात. उंदराचे दात कोठे दिसले नाहीत. मग मी प्रत्येक कोपरा दोन बोटांत धरून हलके वाकवत गेलो आणि भाचा काट्याकडे पाहत राहिला. तिसऱ्या कोपऱ्याला त्याने हाक मारली, "मामा, थांबा! काटा थांबला." बोटाने दाबताच चीर मिटत होती. कोपरा वरून धडधाकट दिसत होता. काढून उलटा केला तेव्हा खालच्या अंगाला नखाएवढी चीर दिसली.

गावातल्या दुकानातून व्हॅक्यूमची रबरी नळी फुटावर विकत आणली. तिचा दीड इंचाचा तुकडा कापून दोन्ही टोके घट्ट बसवली. अशा ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळू नये. उष्णतेने तिचा डिंक वितळतो आणि महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बाकीचे दोन कोपरेही त्याच वयाचे होते, म्हणून तेही बदलले. सगळा खर्च भाच्याच्या एका दिवसाच्या जेवणाहून कमी.

आमची गळती येथे सापडली. प्रत्येकाची येथेच सापडेल असे नाही. ही नळी चांगली निघाली असती तर पुढे चक्राच्या मागचा जोड सोडून एकेका रंगीत नळीला पंप लावावा लागला असता. काटा चढतच नसेल तर त्या डबीचा पडदा फाटला आहे. सगळ्या नळ्या ओढ धरून ठेवतात, पण चक्राला जोडल्यावर ती टिकत नाही, असे झाले तर चक्राची चकती झिजली आहे. पुष्कळ गाड्यांत गरम पाण्याची वाट बंद करणारी झडपही याच ओढीवर चालते; ती गळत असेल तर गार वाऱ्यात मागून ऊब मिसळत राहते आणि माणूस उगाच गारव्याच्या यंत्रात गॅस भरत बसतो. सामान ठेवायचा खण काढला की एखादी डबी हाताला लागते. डॅशबोर्ड उतरवणे हा अगदी शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

मोटरहोमची आणखी एक अडचण आहे. मोठ्या मोटरहोमचा सांगाडा आणि इंजिन एक कंपनी बनवते, आणि त्यावर घर व डॅशबोर्ड दुसरीच कंपनी चढवते. फोर्डचा एफ-५३ हा असाच एक सांगाडा. त्यावर अनेक कंपन्यांनी आपापली घरे बांधली आहेत. त्यामुळे सांगाड्याच्या पुस्तकात वाऱ्याच्या नळ्यांचा नकाशा नसतो. घर बांधणाराच्या पुस्तकात चुलीची आणि मोरीची माहिती भरपूर, नळ्यांची एक ओळ. म्हणून भाच्याने त्याच संध्याकाळी वहीत स्वतः नकाशा काढून ठेवला, कोणती नळी कोणत्या रंगाची आणि कोठून कोठे, ते लिहून.

सावधगिरीच्या दोन-तीन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. याच ओढीवर पुष्कळ गाड्यांचा ब्रेकही हलका केलेला असतो. वारा रुसण्याबरोबर ब्रेकची कळ कडक लागू लागली, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये; तेथे प्रश्न गारव्याचा राहत नाही. इंजिन उभ्या गाडीत अडखळत असेल तर गळती मोठी आहे असे समजावे, कारण इंजिन मोजमापाबाहेरची हवा पीत आहे. गळती शोधायला पेट्रोलजन्य फवारा मारण्याची काहींना सवय असते. तापलेल्या इंजिनावर तो पेट घेतो. दाबाच्या हवेचा नळ या नळ्यांत कधी सोडू नये, पडदे फाटतात. आणि बंद खोपटात इंजिन चालू ठेवू नये. त्याचा धूर वास न येता माणूस मारतो.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सांगतो. यासाठी अमेरिकेला जायला नको. सुई काढलेली १० सी.सी.ची नवी पिचकारी आणि सलाईनच्या नळीचा नवा, कोरा, हातभर तुकडा घ्या. नळी पिचकारीला जोडा, दुसरे टोक बोटाने बंद करा आणि दट्ट्या ओढा. हात सोडताच दट्ट्या आपोआप मागे जाईल. ढकलली कोणी? हवेने. आता नळीला टाचणीने एक भोक पाडा आणि तेच करा. दट्ट्या आता ओढल्या जागीच राहील. मग भोकाला साबणाचे पाणी लावा. दट्ट्या आत दाबला तर बुडबुडे येतात. साबण पुन्हा लावून दट्ट्या बाहेर ओढला तर एकही बुडबुडा नाही, पाणी आत शोषले जाते. सायकलचे पंक्चर पाण्यात बुडवून सापडते आणि पंपाच्या शोषण-नळीची गळती का सापडत नाही, हे मुलांना स्वतःच्या हाताने कळेल. मी परत आल्यावर आमच्या गावच्या शाळेत सातवीच्या वर्गात हा प्रयोग केला. एका मुलीने विचारले की नळीला दोन भोके असली तर कोणते मोठे ते कसे ओळखायचे. तिला मी म्हटले, आधी एक बोटाने दाब, मग दुसरे. तिने तेच केले आणि बरोबर ओळखले.

तीन दिवसांनी आम्ही फ्लॅगस्टाफहून निघालो. उतरताना तर वारा ठीकच राहणार होता. परीक्षा होती कॅम्प व्हर्डीच्या पुढच्या चढाची. भाच्याने कळ दाबली, इंजिन गुरगुरू लागले, मी मनात आकडे मोजू लागलो. तीनशेपर्यंत मोजले. मग अक्का म्हणाली, "अरे, तो वारा जरा कमी कर. माझे कान दुखायला लागले."